वाकळ, रोडगा आणि नकार
बुलढाणा जिल्ह्यातील घरगुती सणकामाचा इतिहास

१

आपल्या चळवळीचा इतिहास आपण परिषदांच्या आणि ठरावांच्या क्रमाने लिहितो. महाड, पातुर्डा, नाशिक, येवला, नागपूर ही ठिकाणे आणि त्यांच्या तारखा आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. ते योग्यच आहे. ज्यांचा इतिहासच नाकारला गेला त्यांनी आपल्या तारखा पाठ केल्या पाहिजेत. परंतु प्रत्येक परिषदेनंतर संध्याकाळ होते, माणसे घरी परततात आणि चुलीपुढे कोणीतरी बसलेले असते. शिळे तुकडे मागायचे नाहीत असा ठराव झाला, तर दुसऱ्या दिवशीची भाकर आली कोठून? मढ्यावरचे कापड घ्यायचे नाही असे ठरले, तर त्या वर्षी कार्तिकातल्या थंडीत पोरांच्या अंगावर काय होते?

या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही परिषदेच्या अहवालात सापडत नाहीत. ती उत्तरे आपल्या बायकांनी दिली, आणि ती सुईने व तव्यावर दिली. म्हणून त्यांची नोंद झाली नाही. सणाच्या निमित्ताने घरच्या माणसांसाठी केलेले शिवणकाम, वाकळा शिवणे, आणि रोडगे, पुरणपोळ्या, कानोले यांसारखे भाजणे-तळणे हा विषय प्रस्थापित अभ्यासकांनी 'लोकसंस्कृती' या कप्प्यात टाकून दिला आहे. तेथे तो गोड दिसतो. मला तो तेथून काढून सामाजिक इतिहासात आणायचा आहे. मी बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलणार आहे, कारण हा मुलूख माझ्या पायाखालचा आहे. माझे प्रतिपादन साधे आहे : नकाराचा ठराव पुरुषांनी सभेत केला असेल, पण तो नकार रोजच्या जगण्यात टिकवून धरण्याचे काम घरातल्या बाईने केले, आणि त्याची सर्वांत कठीण परीक्षा सणाच्या दिवशी होत असे.

२

प्रथम कापडाकडे पाहू. बुलढाणा हा कापसाचा जिल्हा आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस विलायतेत पोहोचेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे डोळे लागले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. खामगावचा कापूस बाजार त्या काळी देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जाई. गाठी बांधून कापूस मुंबईला आणि तेथून परदेशी जात होता.

हा कापूस वेचला कोणी? गावकुसाबाहेरच्या बायांनी. भल्या पहाटे ओटी बांधून रानात जायचे, बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून घ्यायची, आणि सायंकाळी मालकाच्या अंगणात गाठोडे मोजून द्यायचे. ज्या हातांनी विलायतेचे कापड पिकवले त्या हातांच्या घरी पांघरायला चिंध्या होत्या. वाकळेचा इतिहास या विसंगतीपासून सुरू होतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात महार हे जाडेभरडे कापड विणणारे म्हणून नोंदले आहेत. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज सूत कातत होते, मागावर बसत होते. गिरण्यांच्या सुताने आणि कापडाने तो धंदा मोडला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. गिरण्यांत आपली माणसे गेली, पण तेथेही जात आधीच जाऊन बसलेली होती. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणकामखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि स्पृश्य कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. ज्या समाजाने कापड विणले त्याच समाजाचा धाग्याला लागलेला ओठ अपवित्र ठरला.

मग घरात कापड येई ते कोणत्या वाटेने? तीन वाटा होत्या. एक, मजुरीच्या पैशातून घेतलेले लुगडे, जे वर्षातून एकदा मिळाले तर मिळे. दुसरी, सणावाराला किंवा लग्नकार्यात मालकिणीने वरून टाकलेले जुनेर. आणि तिसरी, मढ्यावरचे कापड. गावात कोणी मेले की प्रेतावरचे वस्त्र हा महाराचा हक्क समजला जाई. याला 'हक्क' म्हणत, हे लक्षात घेतले पाहिजे. बलुतेदारीच्या भाषेचे हे कसब आहे की अपमानालाही ती हक्काचे नाव देते आणि माणूस त्या हक्कासाठी भांडूही लागतो.

हा हक्क आकाशातून पडला नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी जी व्यवस्था सांगितली आहे तीत त्यांनी प्रेतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे आहे. वस्त्र, अन्न आणि अलंकार या तिन्ही गोष्टी म्हणजे बाईच्या घरकामाचा सारा प्रदेश. धर्मग्रंथाने जातीची सीमा आखली ती थेट आमच्या चुलीवरून आणि आमच्या पेटीतल्या कापडावरून.

३

वाकळ कशी शिवतात हे आजच्या शहरातल्या विद्यार्थ्याला सांगावे लागेल. कापसाची वेचणी संपली, होळी झाली, की उन्हाळ्यात बायकांना थोडी उसंत मिळे. त्या दिवसांत सारवलेल्या जमिनीवर त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे अस्तर म्हणून पसरायचे. चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर फाटक्या धोतरांचे, सदऱ्यांचे, लुगड्यांच्या पदरांचे तुकडे थरावर थर लावायचे. भोक असेल तेथे दुहेरी तुकडा. वरून पुन्हा एक लुगडे. मग चार बाजूंना चार बायका बसत आणि कडेकडून आत सरकत धावदोऱ्याचे टाके घालत. दोरा विकत आणलेला क्वचितच असे. जुन्या काठांतूनच धागे ओढून ते पिळून घेत. एका वाकळेला कित्येक दिवस लागत. बाळंतिणीच्या घरी लहान दुपटे, कुंची, टोपडे हे सारे त्यातल्या मऊ झालेल्या कापडातून निघे.

या शिवणकामाला सणाची वेळ बांधलेली होती. दसऱ्याच्या आधी घरातले सगळे कापड धुण्याची रीत गावभर होती. वाकळा डोक्यावर घेऊन आमच्या बायका पैनगंगेवर, पूर्णेवर, खडकपूर्णेवर किंवा गावच्या ओढ्यावर जात. पण त्यांची जागा पाणवठ्याच्या खालच्या अंगाला. वरची आळी धुऊन गेलेले पाणी खाली येई, त्यात आमच्या वाकळा धुतल्या जात. सण एकच होता, नदी एकच होती, पाणी मात्र वेगळे होते.

अन्नाचेही तसेच. पोळा, होळी, अक्षयतृतीया हे सण आमच्या वस्तीत साजरे होत नव्हते असे नाही. पण त्या दिवशी महारवाडा आधी गावाच्या कामाला लागे. लाकडे फोडायची, सरण रचायचे, दवंडी द्यायची, अंगणे झाडायची. दिवस मावळला की टोपली घेऊन दारोदार भाकर मागायची. सणाच्या दिवशी त्या टोपलीत पुरणपोळीचे तुकडे, भाताची ढेकळे, वरण, भाजी एकमेकांत कालवून येत. पोरांना तो दिवस मोठ्या आनंदाचा वाटे. त्या आनंदाला आपण आज तुच्छ लेखू नये. भुकेल्या पोराच्या जिभेला पुरण गोडच लागणार. दया पवार यांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) आणि बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) या जगण्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना आपल्याला लाज वाटत असेल, तर ती लाज कोणाची आहे हे आधी ठरवले पाहिजे.

घरी भाजायचे पदार्थ थोडे होते, कारण रोजचे धान्य ज्वारी. गहू हे सणाचे धान्य. नवस फेडायचा असला, मरीआईचे किंवा म्हसोबाचे काही असले, की रोडगे होत. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट मळायची, तिच्या पोळीला तेल लावून थर घालायचे, गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचा. वर राख, खाली निखारा. बाहेरून करपलेला आणि आतून मऊ असा रोडगा राख झटकून वरणात कुस्करायचा, सोबत वांग्याची भाजी. याला ना भांडे लागे, ना तवा, ना परात. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनाही तो जमे. जिल्ह्याच्या मलकापूर-मोताळा भागात खानदेशासारखेच उपड्या खापरावर मांडे भाजतात. ज्या बाईला मांडा हातावर फिरवून वाढवता येतो तिचे आजही गावात नाव होते.

४

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्याला माहीत आहे. त्याच सत्याग्रहाच्या वेळी, दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी नेसण्याची पद्धत टाका, गळ्यापासून हातापर्यंत घातलेले कथलाचे आणि चांदीचे ओझे टाका, कपडे फाटके असले तरी ते स्वच्छ असू द्या, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका, मुलींना शिकवा, असा त्या भाषणाचा आशय होता. बायकांनी लगेच लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली, असे त्या प्रसंगाचे वृत्तांत सांगतात.

या दोन घटना आपण शेजारी ठेवून वाचत नाही. ग्रंथ जाळणे ही मोठी घटना आणि लुगड्याविषयीचा उपदेश ही सुधारणेची किरकोळ बाब, असे आपण धरून चालतो. माझ्या मते ती एकच घटना आहे. जो ग्रंथ प्रेतवस्त्र, फुटके भांडे आणि लोखंडी दागिना यांनी माणसाची जात ठरवत होता तो २५ तारखेला जळाला; आणि २७ तारखेला वस्त्र, अन्न व दागिना या त्याच तीन गोष्टी बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हवाली केल्या. मनूचा तो आदेश खऱ्या अर्थाने मोडायचा तर तो स्वयंपाकघरात आणि कापडाच्या गाठोड्यातच मोडावा लागणार होता.

आपल्या जिल्ह्यात ही हवा लवकर पोहोचली. मे १९२९ मध्ये पातुर्ड्याला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मध्यप्रांत-वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. आजच्या संग्रामपूर तालुक्यातले हे गाव. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेबरोबर महिलांचीही परिषद झाली, तिच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. म्हणजे वऱ्हाडातल्या बायका तोवर केवळ श्रोत्या राहिल्या नव्हत्या.

पण परिषदेहून परत आल्यावर काय झाले? माझी आजी तिच्या सासूचे एक वाक्य सांगते : "ठराव मानसाइनं केला, पन पीठ तं आमालेच दयाव लागलं." या वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे. भाकर मागणे बंद झाले, तेव्हा रोज चार-पाच घरांतून येणारे अन्न बंद झाले. ते जितके होते तितके दळण घरी वाढले. ढोरे ओढणे बंद झाले, तेव्हा मांसाच्या चान्या वाळवून पावसाळ्याची जी बेगमी होई ती संपली. मढ्यावरचे कापड बंद झाले, तेव्हा वाकळेचा एक थर कमी झाला. गावानेही सूड घेतला. कामावर बोलावणे बंद करणे, उधारी बंद करणे, पाणी अडवणे हे प्रकार नकाराच्या मागोमाग सर्वत्र आले. ही सगळी तूट भरून काढायची म्हणजे बाईने आणखी एक वेचणी करायची, आणखी एक निंदणी करायची, आणि रात्री जात्यावर बसायचे.

त्या काळच्या वाकळा पातळ होत्या, असे आजी सांगते. "वाकय पातय झाली, पन कोनाच्या मढ्याची नोती." मी कितीतरी पुस्तकांत स्वाभिमानाच्या व्याख्या वाचल्या आहेत. इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे मिळालेली नाही.

सणाच्या दिवशी ही परीक्षा अधिक कठोर होई. एरवी कोरडी भाकर खाऊन दिवस काढता येतो. पण पोळ्याच्या दिवशी गावभर पुरणाचा वास सुटलेला असताना पोरांना दाराबाहेर जाऊ न देणे, आणि घरात जे काही असेल त्यातून गोड करून त्यांच्यापुढे ठेवणे, हे काम ठराव मांडणाऱ्याला करावे लागत नव्हते. गूळ नसेल तर बायका ज्वारीच्या पिठाची लापशी करत. एक शेर गहू मिळाला तर त्याचे मोजून रोडगे करत. तो रोडगा आकाराने लहान असे, पण तो मागितलेला नव्हता. मला वाटते, आपल्या वस्त्यांतला 'घरचा सण' येथून सुरू होतो. त्याआधी होता तो गावाचा सण, आणि त्यात आमचा वाटा उरल्यासुरल्याचा.

५

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून गाडीने आणि मेहकर-चिखलीकडून मिळेल त्या वाहनाने माणसे गेली. पांढरे वस्त्र नेसून यायचे होते. ज्यांना नवे घेणे शक्य नव्हते त्यांनी जुन्या धोतरांचे दोन पदर जोडून, नीळ घालून, पांढरी लुगडी तयार केली. आमच्या वस्तीतल्या वृद्ध बायका हे सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात शिवणीची बारीक माहितीही येते : जोड कोठे लपवला, काठ कसा काढून टाकला. दीक्षेची ही तयारी सुईने झाली. ती चळवळीच्या इतिहासाचा भाग नाही काय?

दीक्षेनंतर एक नवाच प्रश्न उभा राहिला. बावीस प्रतिज्ञांनी जुने देव सोडले, मग सणांचे काय? पोळ्याला, अक्षयतृतीयेला घरात तळण करायचे की नाही? कित्येक घरांत यावरून वाद झाले. काही कार्यकर्त्यांनी पुरणपोळीसुद्धा वर्ज्य ठरवली. त्यांचा आवेश समजण्यासारखा होता. देव्हारा परत कोणत्या दाराने आत येईल याची त्यांना धास्ती होती. तथापि बायकांनी यावर जो तोडगा काढला तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यांनी पदार्थ ठेवला आणि नैवेद्य काढून टाकला. पुरण तेच, पण ते आता १४ एप्रिलला शिजू लागले. वैशाख पौर्णिमेला खीर आली. रोडगे मरीआईपुढून उठले आणि जयंतीच्या सामुदायिक जेवणात आले. दसऱ्याआधी वाकळा धुण्याची रीतही राहिली, पण आता ती नागपूरला जाण्याची तयारी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की काहीच बदलले नाही. खरे तर कृती तीच राहून तिचा धनी बदलला होता.

शिवणकामातही नवे आले. निळी निशाणे घरोघर शिवली जाऊ लागली. बौद्धांचा पाच रंगांचा ध्वज १८८५ साली कोलंबोत प्रथम फडकला. तो आमच्या वस्त्यांत आला तेव्हा तयार विकत मिळत नव्हता, म्हणून निळ्या, पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या आणि केशरी पट्ट्या जुळवून बायकांनी तो हाताने शिवला. वाकळ शिवणाऱ्या हाताला तुकडे जोडणे शिकवावे लागले नाही. फरक एवढाच की आता तुकडे उतरलेले नव्हते, निवडलेले होते.

१९७२ च्या दुष्काळात सगळ्याच वस्त्या रस्त्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर गेल्या. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन माणसे जगली. त्या वर्षीच्या वाकळांत धान्याच्या पोत्यांचे तुकडे आहेत, असे माझी आई सांगते. अंगाला टोचत, पण वारा अडवत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि शेजारच्या मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे पेटवली गेली. जळालेल्या घरांच्या पंचनाम्यात भांडी, धान्य, जनावरे यांची गणती होते. वाकळेची किंमत कोण लावणार? आणि ज्या घरात दुसरे काहीच नव्हते त्या घरात जळाले ते मुख्यतः वाकळाच.

त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. विदर्भ पायी ओलांडून तो आपल्याच जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला. लाठ्या चालल्या, अटका झाल्या. या मार्चच्या इतिहासात पुलावरचा तो प्रसंग येतो. पण हजारो माणसे इतके दिवस चालली ती काय खाऊन, आणि थंडीच्या रात्री काय पांघरून? वाटेवरच्या वस्त्यांनी भाकरी थापून दिल्या, चटणी वाटून दिली, घरातल्या वाकळा बाहेर काढल्या. एकेकाळी जी टोपली गावातून भाकर मागून आणी, तीच टोपली आता आपल्या माणसांसाठी भरून रस्त्यावर येत होती. महाडपासून खडकपूर्णेपर्यंतचा बावन्न वर्षांचा प्रवास याहून स्पष्टपणे कशात दिसतो, मला सांगता येणार नाही.

६

येथे थांबून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. आतापर्यंतच्या मांडणीतून बाईच्या कष्टाचा गौरव एवढाच निष्कर्ष निघत असेल तर तो अपुरा आहे आणि धोक्याचाही आहे. पुरुषांनी महारकी सोडली तेव्हा त्यांच्यावरची एक गुलामी गेली. बाईवरची मात्र एक गेली आणि तिच्या जागी घरातले काम दुप्पट झाले. जयंतीच्या दिवशी व्याख्यान ऐकायला पुरुष पुढे बसतात आणि दोनशे माणसांचा स्वयंपाक मागे चाललेला असतो, हे दृश्य अजूनही दुर्मीळ नाही. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. मी वसतिगृहात परीक्षेचा अभ्यास करत असताना माझ्या अंगावर आईने शिवलेली वाकळ होती, आणि त्याच वेळी आई दुसऱ्याच्या शेतात वेचणीला होती. या ऋणाची भाषा भावुक करणे सोपे आहे. परंतु तिला शाळेत जाता आले असते तर तिने वाकळ शिवली असती की पुस्तक लिहिले असते, हा प्रश्न आपण टाळू नये. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ सिद्ध करून चळवळीतल्या स्त्रियांची नावे वर आणली. त्या कामाला आता घराच्या आतल्या बाजूने पुढे नेले पाहिजे.

दुसरा धोका बाजाराचा आहे. आज शहरांतल्या दुकानांत 'गोधडी' ही शोभेची वस्तू झाली आहे आणि चांगल्या किमतीला विकली जाते. बंजारा भगिनींच्या आरसेकामाला आणि भरतकामाला संग्रहालयांत जागा मिळाली. आता वाकळेलाही मिळेल. मिळावी, त्याला हरकत नाही. पण सौंदर्याबरोबर तिची जन्मकथा गेली नाही, तर तो पुन्हा एकदा आपला वारसा उतरवून घेण्याचाच प्रकार होईल.

अमेरिकेतील काळ्या माणसांचा अनुभव या बाबतीत आपल्या उपयोगी आहे. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव तिकडूनच घेतले, तेव्हा हे नाते नवे नाही. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज तेथे राहतात. तेथील बायका कामाचे झिजलेले कपडे, पोती आणि उरलेले तुकडे जोडून पांघरुणे शिवत. म्हणजे कापूस पिकवणारे हात आणि चिंध्यांचे पांघरूण ही गाठ तेथेही आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तेथे गेले. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून अनेकांना जमिनीवरून आणि कामावरून काढण्यात आले, आणि १९६६ साली त्या भागातील बायकांनी पांघरुणे शिवून विकणारी आपली सहकारी संस्था काढली. २००२ पासून जीज बेंडची पांघरुणे मोठ्या संग्रहालयांत मांडली गेली, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. तेथे पांघरुणाशेजारी शिवणाऱ्या बाईचे नाव लिहिलेले असते. आणि तरीही २००७ साली काही बायकांना आपल्या मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपण यातून दोन्ही धडे घ्यावेत : नाव लिहिले गेले पाहिजे, आणि नाव लिहिल्याने हिशेब पुरा होत नाही.

७

आता आपल्या वस्त्यांतले चित्र बदलले आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुटीच्या दिवसांत पीठ, साखर, डालडा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, ही गोष्ट माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत नवी होती. आमच्याकडची भट्टी मुसलमानाची. त्याने कधी पिठाची जात विचारली नाही, आणि पत्र्यावर सगळ्यांची बिस्किटे एकामागोमाग एक भाजली गेली. आज १३ एप्रिलच्या मध्यरात्री चौकाचौकांत मोठे केक कापले जातात. त्याला नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. मी मुरडत नाही. आपल्या पैशाने आणलेले गोड आपल्या चौकात वाटणे यामागे किती वर्षांचे दळण आहे हे ठाऊक असले म्हणजे झाले. पण ते ठाऊक असले पाहिजे.

वाकळ मात्र जात आहे. लुगडी गेली, सुती साड्या कमी झाल्या. कृत्रिम धाग्याच्या साड्यांचे थर एकमेकांवर ठरत नाहीत आणि टाका घसरतो. बाजारात स्वस्त ब्लँकेटे मिळतात. वाकळ शिवण्याची सक्ती संपली याचा मला आनंद आहे. कोणाही मुलीने गरिबीपायी चिंध्या जोडाव्यात असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुली १९५६ साली आईचे बोट धरून नागपूरला गेल्या त्या आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या जुन्या पेट्यांत आणि माळ्यांवर पडलेल्या वाकळा हेच आपले दफ्तर आहे, आणि ते वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. तिला अनुदान लागत नाही. प्रत्येकाने आपल्या घरातली एक जुनी वाकळ घ्यावी आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपुढे ती पसरून काही प्रश्न विचारावेत. ही कोणी शिवली, कोणकोणत्या बायका बसल्या होत्या? कोणत्या वर्षी, कोणत्या सणाआधी? यातला कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा आहे? कोणते कापड विकत घेतलेले आणि कोणते मिळालेले? कोणते कापड घरात यायचे बंद झाले, आणि केव्हा? त्याच बैठकीत सणाला काय भाजत होते, गहू कोठून येत होता, आणि भाकर मागणे आपल्या घरी कोणत्या वर्षी थांबले, हेही विचारावे. ती बाई तारीख सांगणार नाही. ती म्हणेल, थोरल्याच्या जन्माच्या वर्षी, किंवा पूर आला त्या साली. तारीख शोधून काढणे हे आपले, शिकलेल्यांचे काम आहे. उत्तरे तिच्याच बोलीत, तिच्या नावासह लिहून ठेवावीत.

एका वर्गात साठ विद्यार्थी असतील तर साठ वाकळांची नोंद होईल. तेरा तालुक्यांत हे झाले, तर भाकर मागणे कोणत्या गावात कधी थांबले याचा एक नकाशा तयार होईल, आणि असा नकाशा कोणत्याही सरकारी दफ्तरात मिळणार नाही. नकार केव्हा सुरू झाला हे आपल्याला परिषदांच्या अहवालांवरून कळते. तो कोणत्या घरात, किती किमतीला आणि कोणाच्या हाताने टिकला हे या नोंदींवरून कळेल. येत्या दसऱ्याआधी वाकळा धुवायला निघतील. हे विचारणे त्याआधीच्या चार दिवसांत व्हावे. एकेका धुण्याने तुकड्यांचे रंग उडत जातात, आणि मग कोणता तुकडा कोणाचा हे सांगणे त्या बाईलाही कठीण जाते.